व्हिएन्नातला अ‍ॅझटेक पिसांचा शिरपेच मेक्सिकोला परत जावा का?

रानवारा (धागाकर्ता)

व्हिएन्नाच्या वेल्टम्युझियममध्ये अ‍ॅझटेक काळातला पिसांचा एक भव्य शिरपेच आहे. उंची ११६ सेंटीमीटर, रुंदी १७५. केत्साल पक्ष्याची शेकडो लांब हिरवी पिसं, आतल्या अर्धवर्तुळांत कोटिंगाची निळी, गुलाबी चमच्या या पाणपक्ष्याची आणि कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्याची तपकिरी पिसं, आणि त्यांवर सोन्याच्या चकत्या. मेक्सिकोत त्याला ‘पेनाचो दे मोक्तेसुमा’, म्हणजे अ‍ॅझटेक राजा मोक्तेसुमाचा शिरपेच म्हणतात. २०२० साली मेक्सिकोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी पत्नी बेआत्रिस गुतिएर्रेस म्युलर यांना व्हिएन्नाला पाठवलं. अ‍ॅझटेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडल्याला २०२१ मध्ये ५०० वर्षं होणार होती. त्या वर्षापुरता तरी शिरपेच उसना द्या, अशी विनंती होती. ऑस्ट्रियाचं उत्तर नकाराचं आलं. कारण दिलं ते प्रवासातल्या कंपनांचं.

हे कारण मला पटत नाही. हीच वस्तू १६व्या शतकात लाकडी जहाजातून अटलांटिक ओलांडून आली. १५९६ साली ती इन्सब्रुकजवळच्या आम्ब्रास किल्ल्याच्या यादीत ‘मूरिश टोपी’ म्हणून नोंदली गेली. पुढे १९व्या शतकाच्या सुरुवातीला, रेल्वे नसताना, आल्प्सच्या रस्त्यांनी व्हिएन्नाला पोचली.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १८६६ साली मेक्सिकोच्या गादीवर बसलेले हॅब्सबर्ग घराण्यातले सम्राट माक्सिमिलिआन यांनी व्हिएन्नाहून पिसांची एक अ‍ॅझटेक ढाल मेक्सिकोला परत मागवून घेतली. आज ती चापुल्तेपेकच्या किल्ल्यात आहे. अशा पिसांच्या ढाली जगात चारच उरल्या आहेत: दोन श्टुटगार्टला, एक व्हिएन्नाला आणि ही एक. हॅब्सबर्ग सम्राटानं मागितली तर जाते, आणि मेक्सिकोच्या लोकांनी मागितली की पिसं नाजूक होतात? माझं मत साफ आहे. शिरपेच परत जायला हवा.

वस्तुजतन

रानवारा, भावना समजते, पण ढालीची तुलना इथे लागू पडत नाही. ढाल म्हणजे ताठ चकती. तिच्यावरची पिसं आखूड, बसकी, पाठीशी धरलेली. शिरपेचाचं केत्सालचं पीस मुळाशी बांधलेलं आणि पुढे हातभर मोकळं. एका टोकाला धरलेली लांब, लवचीक काडी हलवून बघा. हात सावकाश हलवला तरी टोक जोरात झुलतं, आणि हाताची लय काडीच्या स्वतःच्या लयीशी जुळली की झोका वाढतच जातो. ट्रकची आणि विमानाची जमिनीवर धावतानाची कंपनं नेमकी अशीच मंद असतात, सेकंदाला काही मोजक्या वेळा होणारी. खोक्यात घालतो तो फोम झटपट थरथर शोषतो. मंद कंपनं त्यातून पार होतात, आणि काही वेळा फोममुळेच वाढतात. म्हणून ‘अजून जाड फोम घाला’ हे उत्तर चालत नाही.

आता पीस जवळून पाहा. मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी तंतू असतात. जुन्या पिसाला कसर लागलेली असते तिथे दांडीवर बारीक खाच पडते. पाचशे वर्षांत पीस ज्याचं बनतं ते केराटिन कडक होऊन ठिसूळ झालेलं असतं. झोक्याचा सगळा ताण त्या खाचेवर येतो आणि दांडी तिथेच मोडते. मोडलेलं पीस चिकटवता येतं, पण पूर्वीसारखं वाकत नाही, मग पुढचा ताण शेजारच्या पिसावर जातो. वर सोन्याच्या हजारावर चकत्या आहेत. प्रत्येक चकती हादऱ्याला खालच्या पिसावर आपटते.

२०१० ते २०१२ मध्ये या वस्तूची तपासणी झाली ती ऑस्ट्रिया आणि मेक्सिको, दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी मिळून. एकट्या व्हिएन्नानं काढलेला निष्कर्ष नाही हा. आणि ‘आधी प्रवास झाला’ म्हणता, त्याची किंमतही बघा. १५९६ च्या यादीत सोन्याची चोच आहे, आज ती नाही. १८७८ साली व्हिएन्नाच्या संग्रहालयाचे होखश्टेटर यांना शिरपेच सापडला तेव्हा तो इतका खराब होता की हरवलेल्या सोन्याच्या जागी मुलामा दिलेलं पितळ लावावं लागलं आणि काही निळ्या पिसांच्या जागी खंड्याची पिसं.

रानवारा

वस्तुजतन, कंपनांचा खुलासा चांगला केलात, तेवढं मान्य. पण मग दोन प्रश्न वेगळे करा. वस्तू हलवायची की नाही, हा एक. ती कोणाची, हा दुसरा. व्हिएन्ना पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा टाळते. पेटी तिथेच राहू द्या, पण मालकी मेक्सिकोची करा, पाटीवर तसं लिहा, दुरुस्तीचा आणि तपासणीचा शेवटचा शब्द मेक्सिकोच्या राष्ट्रीय मानववंश व इतिहास संस्थेकडे द्या. यात एकही पीस हलत नाही. हे का होत नाही?

जुनी_वही

मुळात हा मोक्तेसुमाचा आहे याला पुरावा नाही. स्पॅनिश सेनानी कोर्तेसनं १५१९ मध्ये आपला राजा पाचव्या कार्लोसला भेटी पाठवल्या, १५२० मध्ये त्या ब्रसेल्सला जर्मन चित्रकार ड्यूररनं पाहिल्या आणि रोजनिशीत लिहिलं, हे सगळं खरं. पण त्या भेटींपासून आम्ब्रासच्या यादीपर्यंत या वस्तूचा माग लागत नाही. अ‍ॅझटेक राजाचं राजचिन्ह होतं शिउउइत्सोल्ली, म्हणजे पिरोजांनी मढवलेला, कपाळावर टोकदार होणारा पट्टा. चित्रलिपीच्या पोथ्यांत राजा त्याच पट्ट्यानं ओळखला जातो. पिसांचा असा मोठा साज देवाचं रूप धारण करणाऱ्या पुरोहिताचा असण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडे वाघनखांच्या वेळी हेच झालं. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली, आणि अफजलखानाच्या वेळची हीच का, यावर वाद पेटला. वस्तूला मोठं नाव चिकटलं की लोक नावाकडे बघतात, वस्तूकडे नाही. मेक्सिकोनं मागणी ‘मोक्तेसुमाचा मुकुट’ या नावावर उभी केली आहे, तिथेच ती कच्ची राहते.

रानवारा

नाव चुकलं म्हणून हक्क जातो का? पुरोहिताचा असला तरी बनला कुठे, कोणाच्या हातून, कोणाच्या खंडणीतून?

आमात्ल

रानवारांच्या या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नोंदलेलं आहे. स्पॅनिश धर्मोपदेशक बर्नार्दिनो दे साहागुन यांनी १६व्या शतकात नहुआ, म्हणजे अ‍ॅझटेकांच्या भाषेच्या, लेखकांकडून लिहून घेतलेल्या ग्रंथाच्या नवव्या भागात पीसकाम करणाऱ्यांचं सगळं काम येतं. हे लोक आमान्तेका. तेनोच्तित्लानला लागून असलेल्या त्लातेलोल्कोजवळच्या आमांत्लान वस्तीवरून हे नाव. त्यांचा देव कोयोत्लिनाउआल, कोल्ह्यासारख्या कोयोटचं कातडं पांघरलेला. शेजार दूरदेशीच्या व्यापाऱ्यांचा, पोच्तेकांचा, कारण पिसं तेच आणत. बाकीची खंडणीतून येत. एकट्या शोकोनोच्को प्रांतावर निळ्या पक्ष्यांची १६० कातडी, ४० जॅग्वारची कातडी आणि कोकोच्या २०० ओझ्यांची खंडणी होती. केत्सालच्या नराला खरी लांब पिसं मोजून दोन-चार, ती सुद्धा दरवर्षी झडून नव्यानं येणारी. म्हणून पक्षी पकडून पिसं काढून सोडून देत. ग्वाटेमालातल्या वेरापासकडे केत्साल मारणाऱ्याला देहदंड होता.

कामाच्या दोन रीती. चिकटवण्याची रीत आधी सांगतो. चित्रकार नक्षी काढून देई. घायपाताच्या पानावर खळ फासायची, तीवर पिंजलेला कापूस अगदी विरळ पसरायचा, वरून पुन्हा खळ, मग उन्हात वाळवायचं. वाळला की पापुद्रा सोलून निघतो. तो इतका पातळ असतो की खालची नक्षी आरपार दिसते आणि त्यावर उतरवता येते. मग त्याला झाडाच्या सालीच्या जाड कागदाचा, आमात्लचा, आधार द्यायचा. पिसं लाकडी ठोकळ्यावर तांब्याच्या पात्यानं कापायची, हाडाच्या पट्टीनं दाबून बसवायची. खालचा थर साध्या, रंगवलेल्या पिसांचा, वरचा मौल्यवान. खालच्या थराचा रंग वरच्यातून झिरपतो, म्हणून तो थर चुकला की केत्सालही मळकट दिसतं. खळ आमरीच्या कंदाची. ती घट्ट झाली तर तंतूंमध्ये शिरून त्यांचा झुबका होतो आणि चमक मरते, पातळ झाली तर पीस वाळल्यावर उचकटतं. घरातली पोरं खळ तयार करत आणि बाया पिसं रंगवत. पिवळ्या रंगासाठी अमरवेलीसारखं साकात्लाश्काल्ली उकळून त्यात तुरटी घालत.

दुसरी रीत बांधण्याची. शिरपेचाची लांब पिसं याच रीतीची. पिसाची दांडी मुळाशी दोऱ्याला बांधायची आणि थोडं वर दुसऱ्या दोऱ्यानं पुन्हा धरायची. एकच गाठ असेल तर पीस स्वतःभोवती फिरतं आणि चमकणारी बाजू मागे जाते. दोन गाठींनी रांग सरळ राहते. मग ती रांग वाखाच्या जाळीवर आणि बारीक काड्यांच्या सांगाड्यावर चढवायची.

माझा मुद्दा असा की १८७८ मध्ये हा सांगाडा पाटावर सपाट बसवला गेला. डोक्यावर तो तसा नव्हता. व्हिएन्नात दिसतो तो आकारच अर्धा १९व्या शतकाचा आहे. १९४० मध्ये फ्रान्सिस्को मोक्तेसुमा नावाच्या कारागिरानं केलेली प्रतिकृती मेक्सिको सिटीच्या मानववंश संग्रहालयात आहे. मूळ वस्तूसाठी भांडण्यापेक्षा त्या हातांची विद्या शिकवण्यावर पैसा घालावा, असं मला वाटतं.

वस्तुजतन

आमात्ल, बांधणीचं नेमकं सांगितलंत. त्यात एक भर घालतो. त्या दोन गाठींमुळेच आजची अडचण वाढते. दोरा वाखाचा. ओलावा वाढला की तो फुगतो आणि आखडतो, कमी झाला की सैल होतो. प्रत्येक फेऱ्यात गाठ दांडीवर किंचित सरकते आणि दांडी झिजते. म्हणून पेटीतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास एकसारखी ठेवायची आणि उजेड पन्नास लक्सच्या आत. केत्सालचा हिरवा रंग रंगद्रव्याचा नाही, तंतूंच्या रचनेतून चमकतो, तो लवकर विटत नाही. पण चमच्याचा गुलाबी रंग द्रव्याचा आहे, उजेडानं गेला की परत येत नाही.

दख्खनी

आमात्ल यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. प्रतिकृतीतून आकार कळतो. दोरा कोणत्या बाजूनं वळलाय, गाठीवर गाठ कशी बसलीय, एका रांगेत किती हातांनी काम केलंय, हे मूळ वस्तूच सांगते. विद्या शिकायची असेल तर मेक्सिकोच्या शिकाऊ कारागिरांना त्या पेटीपाशी हक्कानं जाता आलं पाहिजे. आज ते पाहुणे म्हणून जातात.

मालकी का बदलत नाही, हा रानवारांचा प्रश्न राहिला. मेक्सिकोचा १९७२ चा कायदा प्राचीन वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या ठरवतो. त्या विकता येत नाहीत, कुणाला देऊन टाकता येत नाहीत. एकदा हा शिरपेच त्या कायद्याखाली आला की व्हिएन्नाला तो ठेवायचा तर मेक्सिकोच्या परवानगीनं. हे कागदावर लिहिणं संग्रहालयाला जड जातं, कारण मग शेजारची ढालही त्याच रांगेत येते.

आणि वस्तू परत येण्याच्या वाटा एकाच प्रकारच्या नसतात. २०१४ मध्ये ब्रिटनच्या बायबल सोसायटीकडून नहुआ इतिहासकार चिमाल्पाइनचं हस्तलिखित मेक्सिकोनं विकत घेतलं. आपल्याकडे २०२५ मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लिलावातून घेतली, तसंच. १९८२ मध्ये एका मेक्सिकन माणसानं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातून ‘तोनालामात्ल ओबँ’ ही पोथी सरळ उचलून नेली. ती आजही मेक्सिकोतच आहे. चोरीची वाट मी मान्य करत नाही, पण ती का निवडली गेली हे समजतं.

जुनी_वही

दख्खनी, विकत घेतलेल्या आणि चोरलेल्या वस्तूंची यादी इथे काम देत नाही. शिरपेच लुटला, भेट म्हणून दिला की मोबदल्यात गेला, याचा कागद नाही. लूट सिद्ध करायची जबाबदारी मागणाऱ्यावर.

दख्खनी

जबाबदारी उलटी का असू नये? १५२१ नंतर मागणाऱ्यांची दप्तरं जाळली गेली आणि ठेवणाऱ्यांची यादी १५९६ पासून शाबूत आहे. ज्याच्याकडे कागद आहेत त्यानं दाखवावं की ही वस्तू राजीखुशीनं आली.

आमात्ल

दख्खनी, कारागिरांच्या हक्काचं तुमचं म्हणणं पटलं, माझं वाक्य मी मागे घेतो. विद्या जिंकल्यानंतर लगेच मेली नव्हती, याचा पुरावाही मूळ वस्तूतच आहे. फ्रान्समधल्या ओश गावच्या संग्रहालयात पिसांचं एक ख्रिस्ती चित्र आहे, संत ग्रेगरीच्या मिस्साचं. १५३९ साली तेनोच्तित्लानमध्ये दिएगो दे आल्वारादो उआनित्सिन यांनी पोप तिसरा पॉल यांच्यासाठी करवून घेतलेलं. हे उआनित्सिन मोक्तेसुमाच्या घराण्यातले. येशूची आकृती आमान्तेकांनी घडवली आहे, पिसांवर पिसं बसवून. ज्यांच्या पुराणात युद्धदेव उइत्सिलोपोच्त्लीची आई पिसांचा गोळा पदराशी धरून गरोदर राहिली, त्यांना नव्या देवासाठीही पिसांहून पवित्र वस्तू सापडली नसणार. शिकाऊ कारागिरांना व्हिएन्नाबरोबर ओशचीही परवानगी मिळायला हवी. चिकटवण्याची रीत तिथे, बांधण्याची इथे. एकाच ठिकाणी शिकून अर्धंच काम येईल.