ब्लूटूथवर गाणी ठणठणीत, कॉल लागला की थोड्या वेळात नुसती खरखर – मदत हवी आहे

मंडळी, महिनाभर डोकं आपटून झालं, आता तुमच्या दारात.

आजोबांची बोटं थरथरतात, टच स्क्रीन जमत नाही. म्हणून माळ्यावरचा काळा डायलचा फोन उतरवला आणि त्याच्या पोटात रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक) आणि एक स्वस्तातला यूएसबी ब्लूटूथ डोंगल बसवला. मोबाइल त्याला हँड्सफ्री समजतो. रिसीव्हर उचलला की कॉल सुरू. इथवर जमलं.

रोग असा: पहिली दहा-पंधरा सेकंदं आत्याचा आवाज खणखणीत. मग एक ‘टक्’ आणि तिथून पुढे पत्र्यावर तांदूळ ओतल्यासारखी खरखर. एकदा बिघडलं की कॉल कापेपर्यंत सुधारत नाही. आमचं बोलणं तिला मात्र नीट जातं, आणि त्याच डोंगलवरून गाणी तासन्‌तास वाजतात.

डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टातून काढून एक्स्टेन्शन वायरने लांब नेला. बिघाड उशिरा होऊ लागला, पण होतोच. वायफाय बंद केलं, तेच. मग मोबाइलला सांगितलं की मला फक्त सीव्हीएसडी येतं, म्हणजे जुना ८ किलोहर्ट्झवाला कोडेक (आवाज आटवून पाठवायची पद्धत). खरखर गायब! अधूनमधून नुसता टक्. पण आजोबा म्हणाले, “ही घोंगडीतून का बोलतेय?” मला १६ किलोहर्ट्झचा, जास्त स्पष्ट आवाजाचा एमएसबीसी कोडेकच हवा आहे. डोंगल बदलू की चूक माझ्या कोडात आहे?

प्रतिसाद : गाण्यांवरून डोंगलला प्रमाणपत्र देऊ नका. गाण्याचा डेटा हरवला तर पुन्हा मागवतात, बफरही मोठा असतो. कॉलचा आवाज वेगळ्या, ठरल्या वेळेच्या दुव्यावरून जातो. तिथे फार तर एक-दोनदा पुन्हा पाठवायची सोय, नाहीतर गेलं ते गेलं. बीटीमॉन (ब्लूटूथची ये-जा दाखवणारा प्रोग्राम) लावून कच्चे बाइट बघा आणि इथे टाका.

धागाकर्ता : बघितले. पाकिटं २४ बाइटची येतात. पहिलं सुरू होतं ०१ ०८ एडी असं (हेक्स आकडे). दुसऱ्यात ओळखीचं काही नाही. तिसऱ्यात बारा बाइट सोडून ०१ ३८ एडी. खरखर सुरू झाल्यावरही हे बाइट दिसतात, फक्त जागा बदललेली. माझा प्रोग्राम ओळीने ६०-६० बाइट उचलतो आणि डिकोडरला देतो.

दुसरा प्रतिसाद : सापडला की चोर! एमएसबीसीची एक फ्रेम, म्हणजे आवाजाचा एक तुकडा, ६० बाइटची: २ बाइट शीर्षक, ५७ बाइट आवाज (त्याची सुरुवात एडीने), १ नुसता जागा भरायला. म्हणजे ७.५ मिलिसेकंदांचा आवाज, १२० नमुने. तुमची पाकिटं २४ ची, म्हणजे एका फ्रेमला अडीच पाकिटं. सगळी आली तर ६० चा हिशोब जुळतो. वाटेत एक पाकीट गळलं की तुमची कात्री २४ बाइट पुढे सरकते आणि मग प्रत्येक फ्रेम मधोमध कापली जाते. कॉल संपेपर्यंत. सीव्हीएसडीत तुमच्यापर्यंत नुसते नमुने येतात, फ्रेमच नाही, म्हणून तिथे एका टक्‌वर भागतं.

बाइट मोजू नका, शीर्षक शोधा. ०१ नंतरचा बाइट ०८, ३८, सी८, एफ८ असा फिरत राहतो. मधला एखादा दिसला नाही तर फ्रेम हरवली असं समजून आधीचीच आवाज कमी करून वाजवा. डोंगल बदलू नका, नव्यानेही हेच केलं असतं, फक्त विसाव्या मिनिटाला.

धागाकर्ता : जमलं! आधी घाईत फक्त ०१ शोधत होतो, तो आवाजाच्या बाइटांतही सापडतो, त्यामुळे नवीनच तमाशा झाला. आता ०१, त्यानंतरचा फिरता आणि एडी असे तिन्ही बाइट तपासतो आणि ६० बाइट पुढे पुन्हा शीर्षक आहे का तेही बघतो. काल आत्याशी चाळीस मिनिटं बोलणं झालं. टक् चार-पाच वेळा आला, पण लगेच सावरला. आजोबांना विचारलं तर म्हणाले, “कसला टक्?”

एक राहिलं: आता आत्याला स्वतःचाच आवाज किंचित उशिराने परत ऐकू येतो. आधी तक्रार नव्हती, कदाचित आम्हाला काही ऐकूच येत नसल्यामुळे आम्ही तिला बोलू देत नव्हतो म्हणून असेल. रिसीव्हरच्या दांड्यातून ऐकायच्या बाजूचा आवाज माइकपर्यंत पोचतोय असा संशय आहे. आत कापूस भरू की सॉफ्टवेअरने काढू? वेगळा धागा काढायचा असेल तर सांगा.