एनबीएमध्ये मारामारीची शिक्षा नेमकी कशाला होते?

धंतोलीकर (धागाकर्ता)

शिवाजी नगरच्या मैदानावर सकाळचा खेळ आटोपला की हा वाद निघतो, आणि पोहे संपले तरी संपत नाही. म्हणून इथे मांडतो. आपल्याकडच्या स्पर्धांत कोणी हात उचलला की सगळे म्हणतात, "एनबीएत, अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये बघा, कसं सरळ करतात!" मला ते सरळ करणं न्यायाचं वाटत नाही. तिथे मार किती लागला यावर शिक्षा ठरत नाही, टीव्हीवर ते किती वाईट दिसलं यावर ठरते.

२००७ चा प्लेऑफ घ्या, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरी; सातपैकी चार सामने जिंकेल तो पुढे. फिनिक्स सन्स आणि सॅन अँटोनियो स्पर्स, चौथा सामना. शेवटच्या काही सेकंदांत, सामना हातचा गेलेला असताना, स्पर्सच्या रॉबर्ट हॉरीने स्टीव्ह नॅशला अंगाचा धक्का देऊन थेट स्कोअररच्या टेबलावर भिरकावलं. आपला साथीदार पडलेला पाहून सन्सचे अमारे स्टॉडमायर आणि बोरिस डियाव बेंचवरून उठून काही पावलं पुढे आले. कोणाच्या अंगाला बोटही लावलं नाही. निकाल: हॉरीला दोन सामने बंदी, या दोघांना एक-एक. मालिका २-२ अशी अडलेली, पाचवा सामना फिनिक्सला, आणि त्यात यांचा स्टॉडमायर कोट घालून घरी. सन्स तीन गुणांनी हरले. मालिकाही गेली आणि स्पर्स पुढे विजेते झाले. धक्का मारला कोणी, भरपाई केली कोणी?

नियम असा आहे की कोर्टवर बाचाबाची चालू असताना राखीव खेळाडूने बेंचजवळची जागा सोडली की किमान एक सामना बंदी. का सोडली, जाऊन काय केलं, हे कोणी विचारत नाही. १९९७ मध्ये न्यूयॉर्क निक्स मायामीविरुद्ध ३-१ ने पुढे होते. पाचव्या सामन्यात मायामीच्या पी. जे. ब्राऊनने निक्सच्या चार्ली वॉर्डला उचलून आपटलं, निक्सचा बेंच उठला, आणि पुढच्या दोन सामन्यांत मिळून निक्सचे पाच जण बाहेर. त्यात पॅट्रिक युइंगही. मायामीने मालिका ४-३ ने घेतली.

आता दुसरी बाजू बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये मार्किफ मॉरिसने निकोला योकिचला फाउल करताना जोरात ढोसलं. मॉरिस पाठमोरा असताना योकिचने त्याला मागून येऊन खांद्याने उडवलं. मानेच्या दुखण्याने मॉरिस काही महिने खेळू शकला नाही. योकिचला किती? एक सामना. स्टॉडमायरला पावलं टाकण्याबद्दल जितका, तितकाच.

---

शिट्टीवाला

धंतोलीकर भाऊ, तुम्ही बेंचच्या नियमावर चिडता, पण असा नियम का लागतो ते सांगत नाही.

९ डिसेंबर १९७७. लेकर्सचा कर्मिट वॉशिंग्टन आणि ह्यूस्टनचा केविन कुनर्ट यांची झटापट चालू होती. रूडी टॉमयानोविच धावत आला तो भांडायला नव्हे, सोडवायला. वॉशिंग्टनला मागून कोणीतरी अंगावर येतंय एवढंच जाणवलं. तो वळला आणि पूर्ण ताकदीने ठोसा हाणला. रूडीच्या चेहऱ्याची हाडं मोडली, कवटीला तडा गेला, मेंदूभोवतीचं पाणी गळू लागलं. जीव वाचला, पण तो हंगाम संपला. वॉशिंग्टनला ६० दिवसांची बंदी झाली, त्यात २६ सामने गेले, आणि १०,००० डॉलर दंड.

रूडी कोर्टवरचाच खेळाडू होता, बेंचवरचा नव्हे, हे मला माहीत आहे. पण मुद्दा बघा. भांडणात सर्वांत जास्त लागलं ते चांगल्या हेतूने धावलेल्याला. धावत येणारा मित्र आहे की शत्रू, हे आत सापडलेल्याला कळत नाही. म्हणून हेतू विचारायचाच नाही. बसा म्हटलं की बसा.

मी जिल्हा पातळीवर शिट्टी वाजवतो. आपल्याकडच्या सामन्यांना लागू असलेला फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, नियम तर त्याच सामन्यात कापतो: भांडण चालू असताना बेंचची हद्द सोडणारा खेळाडू तिथल्या तिथे बाद. सूट फक्त मुख्य प्रशिक्षक आणि पहिल्या सहप्रशिक्षकाला, तीही पंचांना मदत करायला आले तरच. दोन-तीन पंच आणि कोर्टवर चोवीस माणसं, अशा वेळी कोण सोडवायला आलं याची मुलाखत घेत बसू का?

---

तर्रीपोहा

काऊन एवढं तापून राह्यले बावा? आइस हॉकीत पाहा. ग्लोव्ह फेकतात, धरून हाणतात, रेफ उभा राहून बघतो, मग दोघं पाच मिनिटं पेटीत बसतात आन् परत खेळायले येतात. कोणाचं करिअर बुडालं? बास्केटबॉलवालेच लय नाजूक.

---

शिट्टीवाला

@तर्रीपोहा, हॉकीत खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यामध्ये काच असते. एनबीएत पहिल्या रांगेतल्या माणसाचे बूट कोर्टच्या रेषेला टेकलेले असतात. १९ नोव्हेंबर २००४ ला डेट्रॉइटजवळ ऑबर्न हिल्सला काय झालं ते आठवा. ४५.९ सेकंद उरलेले, सामन्याचा निकाल लागल्यात जमा. इंडियानाच्या रॉन आर्टेस्टने फाउल केला, डेट्रॉइटच्या बेन वॉलेसने त्याला ढकललं, गोंधळ झाला. आर्टेस्ट स्कोअररच्या टेबलावर आडवा झाला तोच प्रेक्षकांतून पेयाचा ग्लास त्याच्या अंगावर. तो उठला आणि प्रेक्षकांत घुसला, तेही भलत्याच माणसावर. त्या हंगामातले उरलेले सगळे सामने बंदी, प्लेऑफ धरून ८६. स्टीफन जॅक्सनला ३०. नऊ खेळाडूंचे मिळून १४६ सामने. तिकीट काढून लेकराला सोबत घेऊन आलेल्या माणसावर खेळाडू धावून गेला तर लीग चालेल कशी? त्यानंतर चौथ्या क्वार्टरमध्ये दारू विकणंसुद्धा बंद केलं त्यांनी.

---

धंतोलीकर

आर्टेस्टला कमी द्या असं मी म्हणतच नाही. पण पहिला जोराचा धक्का मारणाऱ्या बेन वॉलेसला सहा सामने! आणि २०२२ मध्ये ड्रेमंड ग्रीनने सरावात आपल्याच संघातल्या जॉर्डन पूलला ठोसा मारून खाली पाडलं, तेव्हा लीगकडून बंदी शून्य. संघाने दंड केला, थोडे दिवस घरी ठेवला, आणि पहिल्या सामन्याला हजर. तिथे ना तिकीटवाला होता, ना लहान लेकरू. ठोसा मात्र खराच होता. माझं म्हणणं यापेक्षा वेगळं काय आहे?

---

मानकापूरची

मी विद्यापीठाकडून खेळलेय, पॉइंट गार्ड होते. तुम्ही दोघेही बेंच आणि प्रेक्षक धरून बसलात. खेळणाऱ्याला जाचतं ते वेगळंच. दुसरा माणूस पकडला जातो. कोपराने बरगडीत ढोसणारी, जर्सी ओढणारी, कानाशी काहीबाही बोलणारी पोरगी कधी दिसत नाही. आपण वळून झटकलं की शिट्टी.

फुटबॉलचं उदाहरण देते. २००६ च्या विश्वचषक फायनलमध्ये झिदानने माटेराझीच्या छातीत डोकं हाणलं. झिदानला तीन सामने, पण नुसत्या तोंडाने डिवचणाऱ्या माटेराझीलाही दोन. फिफाने निदान मान्य केलं की टाळी एका हाताने वाजत नाही. एनबीएत योकिचच्या प्रकरणात मॉरिसला काय, ५०,००० डॉलर दंड. लाखो कमावणाऱ्याला ती काय शिक्षा?

आणि धंतोलीकर दादा, ड्रेमंडचं अर्धंच सांगितलंत. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने रूडी गोबेरचा गळा धरला, पाच सामने. लीगने स्पष्ट सांगितलं की शिक्षा ठरवताना त्याचा जुना इतिहासही धरला. महिन्याभरात युसुफ नुर्किचच्या तोंडावर हात हाणला, तेव्हा बेमुदत बंदी; ती १२ सामन्यांवर थांबली. दरवेळी वाढवत नेणं मला तरी रास्त वाटतं. पहिल्यांदा चुकलेल्याला आणि सराईताला एकाच मापाने मोजणार का?

---

सिव्हिल_लाइन्स

मी कोर्टात काम करतो, म्हणजे काळ्या कोटाच्या कोर्टात. शिक्षा किती याच्याआधी ती देतं कोण ते विचारा. नियम करणारी लीग, चौकशी करणारी लीग, शिक्षा ठोठावणारी लीग, आणि ज्याची प्रतिमा बिघडली तो फिर्यादीही लीगच. २००४ च्या ऑबर्न हिल्स प्रकरणात लीगचे कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी एकट्याने ते सगळे आकडे ठरवले. खेळाडूंची संघटना लवादाकडे गेली, तेव्हा इंडियानाच्याच जर्मेन ओनीलची २५ सामन्यांची बंदी १५ वर आली. एनबीएने लवादाला तो अधिकारच नाही असा पवित्रा घेतला, तरी फेडरल न्यायाधीशाने निकाल कायम ठेवला. आर्टेस्ट आणि जॅक्सनच्या शिक्षांना मात्र लवादानेही हात लावला नाही.

तसंच लॅट्रेल स्प्रीवेलचं. १९९७ मध्ये त्याने प्रशिक्षक पी. जे. कार्लेसिमोचा गळा दाबला. लीगने वर्षभराची बंदी घातली, लवादाने ती ६८ सामन्यांवर आणली. म्हणजे त्रयस्थ माणसाने बघितलं की आकडा कधी उतरतो, कधी टिकतो. दोन्हीत लीगचं भलंच आहे, कारण टिकलेल्या शिक्षेवर मग कोणाला बोट ठेवता येत नाही. पण प्लेऑफची एका सामन्याची बंदी परवा लागू होते. लवाद बसेपर्यंत मालिका आटोपलेली असते. स्टॉडमायरला दाद मागायला जागाच नव्हती.

---

संत्रा_मार्केट

हरभजनने श्रीशांतला थप्पड मारली, २००८. आयपीएलचे उरलेले सामने बंद, वर बीसीसीआयची पाच वनडे. श्रीशांतला जखम किती झाली? काहीच नाही. तरी कोणी म्हणालं का अन्याय झाला? मार किती लागला ते मोजायचं नसतं भाऊ, हात उठला ते मोजायचं असतं. माझा पोरगा अंडर-१४ खेळतो. तो मॉरिसची मान बघत नाही, योकिचने काय केलं ते बघतो.

---

तर्रीपोहा

आन् पैशाचं बोला नं कोणी. लेब्रॉनले २०२१ मध्ये इसाया स्टुअर्टच्या तोंडावर लागलं म्हणून एक सामना बसवलं. पगाराचा १४५ वा हिस्सा कापला, झाले २ लाख ८४ हजार डॉलर. आपल्याकडं नागपुरात त्यात बर्डीच्या बाजारात दुकान येते. त्याले फरक पडला असन का? एका दिवसानं परत आला खेळायले. तोंड फुटलेल्या स्टुअर्टले मात्र दोन सामने, काऊन का तो सांड उधळल्यावानी मागं धावत होता.

---

मानकापूरची

@तर्रीपोहा, बघा, तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केला. ज्याच्या भुवईतून रक्त आलं त्याला दुप्पट.

---

शिट्टीवाला

ताई, रक्त आल्यावर तो एकदा उठला असता तर समजलो असतो. त्याला आवरलं, तो पुन्हा धावला, पुन्हा आवरलं, पुन्हा धावला. शिक्षा त्या धावण्याची होती. संतापाला सूट दिली तर काय होतं ते २०१८ मध्ये फिलिपिन्समध्ये दिसलं. ऑस्ट्रेलियाविरुद्ध विश्वचषक पात्रतेचा सामना. बेंच रिकामे झाले, खुर्ची फेकली गेली, १३ खेळाडू बाद. यजमानांकडे तीनच खेळाडू उरले, आणि तसाच सामना पुढे रेटला, ८९-५३. फिबाने नंतर फिलिपिन्सच्या दहा आणि ऑस्ट्रेलियाच्या तिघांवर बंदी घातली. सुरुवात एका कोपराने झाली होती. बेंच जागेवर बसला असता तर प्रकरण दोघा-चौघांत मिटलं असतं.

---

धंतोलीकर

इथे मी शिट्टीवाल्या सरांशी अर्धा सहमत. बेंचने बसावं, मान्य. पण जो आला आणि काहीच न करता मागे फिरला, त्याची शिक्षा प्लेऑफमध्ये का भोगवायची? ८२ सामन्यांच्या हंगामातला जानेवारीतला एक सामना आणि २-२ वर अडलेल्या मालिकेतला पाचवा सामना, कागदावर दोन्ही "एक सामना". माझी सूचना: नुसतं बेंच सोडण्याची बंदी पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला लावा, पगारही तेव्हाच कापा. हात उचलला असेल तर मात्र लगेच, प्लेऑफ असो की फायनल. सिव्हिल लाइन्स साहेबांचा लवादाचा प्रश्नही त्यात सुटतो, दाद मागायला अख्खा उन्हाळा मिळतो.

---

शिट्टीवाला

आणि मे महिन्यात प्रत्येक भांडणाला सात-आठ जण "काहीच न करता" कोर्टवर येऊन उभे राहतील, कारण बिल नोव्हेंबरमध्ये येणार. त्यांना मागे कोण ढकलणार, आम्हीच ना? आणि पुढच्या हंगामात तो दुसऱ्याच संघात गेला तर? शिक्षा त्या बिचाऱ्या नव्या संघाला!

---

सिव्हिल_लाइन्स

दुसऱ्या संघाचा मुद्दा बिनतोड आहे. मग उलटं करा. शिक्षा लगेच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्रयस्थ माणसाने व्हिडिओ बघून संध्याकाळपर्यंत निकाल द्यायचा. कॅमेरे कमी आहेत का तिथे? हॉरीचा धक्का आणि स्टॉडमायरची पावलं, दोन्ही मिळून मिनिटभराचंही फुटेज नाही.

---

धंतोलीकर

हे चालेल. फक्त तो त्रयस्थ माणूस लीगच्या पगारावर नको.

---

शिट्टीवाला

माझी ना नाही. पण तो व्हिडिओ बघून मॉरिसलाही एक सामना देणार असेल तरच. नाहीतर मानकापूरच्या ताई आपल्याला सोडणार नाहीत.

---

मानकापूरची

एक नाही, दोन.