रॉबर्ट्स मॅनेजर आहे की नुसता मुनीम?

पासाडेनाकर
काल शेजारच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलं की डॉजर्स या बेसबॉल संघाच्या मॅनेजरच्या खुर्चीत शेंबडं पोर बसवलं तरी वर्ल्ड सिरीज (बेसबॉलचं अजिंक्यपद) येईल, डेव्ह रॉबर्ट्स म्हणजे वरून आलेल्या आकडेमोडीवर सही करणारा मुनीम. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते फारच लांबलं, म्हणून वेगळा धागा.

हा माणूस १९९४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) अठ्ठाविसाव्या फेरीत निवडला गेला. मेजर लीगचं (सगळ्यात वरच्या स्तराचं) तोंड पाहिलं ते सत्ताविसाव्या वर्षी. बॅटीत दम नव्हता, होते ते फक्त पाय. १७ ऑक्टोबर २००४ ला त्याचा तेव्हाचा संघ बॉस्टन यांकीजविरुद्ध सिरीजमध्ये ०-३ मॅचेसने मागे. नववी इनिंग, एका रनने पिछाडी, समोर यांकीजचा पिचर (चेंडू टाकणारा) मारियानो रिव्हेरा. बॉस्टनच्या मिलारला वॉक (फुकटचा पहिला बेस) मिळाला आणि त्याच्या जागी पळायला बाकावरून रॉबर्ट्स. तो कशासाठी आलाय हे अख्ख्या स्टेडियमला ठाऊक. रिव्हेराने तीनदा पहिल्या बेसकडे फेकून त्याला परत पिटाळलं. मग बॅटरला पहिलाच चेंडू टाकला आणि हा सुटला. यांकीजच्या जीटरचा ग्लोव्ह खाली येईपर्यंत याचा हात दुसऱ्या बेसवर. चेंडू फटकावला न जाताच बेस पळवला, यालाच चोरी म्हणतात.

तासन्‌तास बाकावर बसून एका क्षणासाठी तयार राहणं ज्याने भोगलंय, त्यालाच बाकावरची पोरं सांभाळता येतात. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच आठवा. नववी इनिंग, ४-४, टोरंटोचे तिन्ही बेस भरलेले. फॉर्म गेलेल्या पाहेसला याने ऐन तेव्हा सेंटर फील्डमध्ये आणलं आणि त्यानेच आपल्याच संघातल्या किकेच्या अंगावर धडकून तो झेल घेतला. हे मुनिमाचं काम?

फेनवेवाला
त्या एका चोरीचं पुण्य किती वर्षं पुरवून खाणार? ती मॅच मी रूममेटच्या खोलीत पाहिली. अमेरिकेत येऊन दोन महिने झालेले, नियम निम्मे कळत नव्हते, पण मीही ओरडलो. मान्य. तरी बिल मिलर नावाच्या माणसाने (मिलार नव्हे) पुढे हिट मारला नसता तर तो दुसऱ्या बेसवरच उभा राहिला असता, आणि बाराव्या इनिंगमध्ये मॅच जिंकून दिली ऑर्टिझने. पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये रॉबर्ट्स एकदाही मैदानात उतरला नाही.

आणि चांगला चोर म्हणजे चांगला मॅनेजर हे कुठलं गणित? त्याला चोरी शिकवणारा मॉरी विल्स. १९६२ मध्ये १०४ बेस चोरणारा. मॅनेजर म्हणून सिऍटलमध्ये २६ जिंकल्या, ५६ हरल्या.

२०१९, नॅशनल्सविरुद्धची पाचवी मॅच: ३-१ आघाडीवर आठव्या इनिंगला आपला पिचर कर्शॉला ठेवलं, सलग दोन चेंडूंवर दोन होमरन. २०२२ ला १११ मॅचेस जिंकून सॅन डिएगोकडून घरी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिनेसोटात कर्शॉचा परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर न जाऊ देणं) चालू, सात इनिंग्ज, फक्त ८० चेंडू, १३ स्ट्राइकआउट, आणि साहेबांनी काढून घेतला. मुनीमच तो.

तात्या_दादर
मला यातलं फार कळत नाही, नातू लावतो म्हणून समोर बसतो. पण एकही माणूस बेसवर न गेलेला बोलर काढून घेतात? हे म्हणजे मुलतान झालं. मार्च २००४. सचिन १९४.

निमूट
अवांतर आहे, पण राहवत नाही. द्रविडने बरोबर केलं. ५ बाद ६७५ होते, आपण डाव आणि ५२ धावांनी जिंकलो. संघ मोठा.

तात्या_दादर
अहो दुसरा दिवस होता, दुसरा! सहा धावा म्हणजे एक ओव्हर. एका ओव्हरने पाकिस्तान वाचणार होतं?

निमूट
वेग वाढवा म्हणून निरोप गेले होते आत. द्विशतकासाठी डाव थांबवायचा असेल तर टेस्ट कशाला, सत्कार समारंभच ठेवा.

तात्या_दादर
सचिनबद्दल असं बोलणारे पुण्याचेच असतात.

निमूट
मी नागपूरचा. आणि द्रविडही मराठीच, इंदूरला जन्मलेला. आपलं ज्ञान पाजळण्याआधी बघत जा.

पासाडेनाकर
मंडळी, धागा रॉबर्ट्सचा आहे. आणि फरक लक्षात घ्या: सचिन नाराज झाला होता, कर्शॉने मात्र स्वतः निर्णय पटल्याचं सांगितलं. लॉकआउटमुळे (मालकांनी खेळाडूंना बाहेर ठेवलं होतं) सराव अपुरा, आदल्या मोसमात हात दुखावलेला, वर गारठा.

अनघा_अर्व्हाइन
कर्शॉवरून भांडणाऱ्यांनी आमच्या घरी यावं. लिटल लीगमध्ये बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे. आमच्या कोचची मोजणी मात्र फायनलच्या दिवशी "चुकली". मी कुंपणाबाहेर कागदावर रेघा मारत होते, माझ्या हिशेबाने शंभरच्या वर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकाचा हात दात घासायला वर जाईना. सहा महिने बॉल बंद. ट्रॉफी आहे हो घरात, टीव्हीखाली. जो मॅनेजर हात वाचवायला पिचर काढतो त्याच्या बाजूने मी आहे, मग मुनीम म्हणा नाहीतर दिवाणजी.

फेनवेवाला
ताई, मुलाबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण याच दयाळू रॉबर्ट्सने २०२५ ला यामामोटो या पिचरकडून सहाव्या मॅचमध्ये ९६ चेंडू टाकून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी सातव्यात पुन्हा ३४. तेव्हा कुठे गेला होता हात?

अनघा_अर्व्हाइन
तो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि स्वतः तयार झाला. बारा वर्षांचं पोर कोचला "नाही" म्हणू शकत नाही.

पासाडेनाकर
तोच तर मुद्दा. कागद पाहून चालणारा असता तर यामामोटोला हातही लावला नसता. २०२० ला टॅम्पाचा मॅनेजर केव्हिन कॅशने कागद पाहिला, ७३ चेंडूंवर आपला पिचर स्नेलला काढलं आणि सिरीज आमच्या पदरात टाकली. एप्रिलमध्ये थांबायचं आणि नोव्हेंबरमध्ये नाही, हे ज्याला कळतं तो मॅनेजर.

फेनवेवाला
म्हणजे काढला तरी शहाणा, ठेवला तरी शहाणा. सोय चांगली आहे. डॉजर्सच्या ओहतानीला ७० कोटी डॉलरचा करार देणाऱ्या मालकाच्या घरात सगळेच शहाणे दिसतात. असो. पाहेसला आणणं बरोबर होतं, स्क्रीनशॉट काढून फ्रेम करा. २०१९ मी विसरणार नाही.

पासाडेनाकर
२०१९ ला मी स्टेडियममध्ये होतो. दहाव्या इनिंगमध्ये नॅशनल्सच्या केंड्रिकचा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) डोक्यावरून गेला तेव्हा रॉबर्ट्सला सगळ्यात आधी शिव्या घालणाऱ्यांत मीच होतो. ते मला सांगू नका.

तात्या_दादर
नातू विचारतोय, त्या रात्री पहिल्या बेसवर द्रविड असता तर पळाला असता का?

निमूट
नाही. पण रिव्हेराला पहाटेपर्यंत चेंडू टाकत बसवला असता.