मदत हवी आहे: क्रॉसटॉक कॅन्सलेशनवर खरोखर खुलणारी स्टिरिओ रेकॉर्डिंग्ज कुठली?

कासारवडवलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा आडवळणाचा आहे, पण इथे ऑडिओचं वेड असलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय.

आधी सेटअप. घोडबंदर रोडला फ्लॅट, हॉल साधारण १० बाय १६, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला गॅलरीची मोठी काच. दोन छोटे पॉवर्ड बुकशेल्फ स्पीकर, लॅपटॉप आणि साधा डॅक (डिजिटलचं ॲनालॉग करणारी डबी). अलीकडे लॅपटॉपवर इक्वलायझर एपीओ या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉसटॉक कॅन्सलेशनचा फिल्टर बसवलाय. राल्फ ग्लासगल यांची अँबिओफोनिक्सची पद्धत: दोन्ही स्पीकर समोर जवळजवळ आणून ठेवायचे. मी बसतो तिथून दोघांत २० अंशांचा कोन होतो.

ज्यांनी हे ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी: डावा स्पीकर फक्त डाव्या कानापुरता वाजत नाही, उजव्या कानालाही किंचित उशिरा ऐकू जातो. स्पीकरमध्ये नेहमीचा ६० अंशांचा कोन ठेवला तर हा उशीर साधारण पाव मिलिसेकंद असतो. या गळतीमुळे मेंदू सगळे आवाज दोन स्पीकरच्या दरम्यानच बसवतो. फिल्टर काय करतो, तर डाव्या बाजूची जी गळती उजव्या कानात शिरणार, तिचा उलटा आवाज उजव्या स्पीकरमधून सोडतो. त्या उलट्या आवाजाचीही गळती होते, मग तिला मारायला आणखी एक, असं दरवेळी आवाज कमी होत चालू राहतं. कल्पना जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये मॅनफ्रेड श्रोडर आणि कानपूरला जन्मलेले आपले बिष्णू अटल यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे करून दाखवलं होतं.

आता अडचण. काही रेकॉर्डिंग्ज लावली की स्पीकर नाहीसेच होतात. चर्चमध्ये वाजवलेली तंतुवाद्यांची एक चौकडी (स्ट्रिंग क्वार्टेट) ऐकताना हॉलची भिंत कुठे गेली कळत नाही. दुसरीकडे, तबल्याच्या एका सीडीत डग्गा माझ्या डाव्या खांद्याला आणि दायां उजव्या खांद्याला. एवढा मोठा तबला वाजवायला तालमीतला पैलवानच हवा. जुन्या गाण्यांच्या काही स्टिरिओ सीडींमध्ये गायकाचा आवाज एका कानात कुजबुजल्यासारखा येतो, ते तर नकोसं होतं. आणि बरीचशी भावगीतं लावली तर फिल्टर चालू काय नि बंद काय, सारखंच.

तर प्रश्न असे. कुठल्या प्रकारच्या रेकॉर्डिंगला याचा फायदा होतो हे ऐकण्याआधी ओळखता येतं का? हाय-रेझ (सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या) फाइल्स विकत घेऊन फरक पडेल का? आपल्याकडच्या संगीतात असं काही आहे का, की सगळं पाश्चात्त्यच शोधायचं?

---

सरळमार्गी

हेडफोन लावा. विषय संपला.

---

कासारवडवलीकर

@सरळमार्गी, हेडफोनवर सगळं डोक्याच्या आत वाजतं हो. समोर काही येतच नाही. शिवाय मान वळवली की अख्खा वाद्यवृंद माझ्याबरोबर वळतो.

---

फेडर_मागचा

नौपाड्यात छोटा स्टुडिओ आहे, रोजचं काम मिक्सिंगचं. सविस्तर लिहितो.

आवाज कुठून येतोय हे आपण मुख्यतः दोन गोष्टींवरून ओळखतो: दोन कानांतला वेळेचा फरक आणि पातळीचा फरक. आवाज अगदी कडेला असला तरी वेळेचा फरक मिलिसेकंदाच्या सात दशांशांच्या आसपासच थांबतो, कारण डोकं तेवढंच रुंद आहे. तुमचा फिल्टर नवं काही निर्माण करत नाही, रेकॉर्डिंगमध्ये जे फरक आहेत ते न मिसळता कानापर्यंत पोचवतो. म्हणून विचारायचं एवढंच, की हे दोन्ही फरक डोक्याच्या मापात रेकॉर्डिंगमध्ये मुळात आहेत का?

सगळ्यात वर डमी हेडवर केलेली रेकॉर्डिंग्ज. पुतळ्याच्या डोक्यात कानांच्या जागी माइक बसवलेले असतात, नॉयमानचं केयू १०० सगळ्यांना माहीत असतं. ती बनवलेली हेडफोनसाठी, पण खऱ्या अर्थाने समोर येतात ती तुमच्यासारख्या सेटअपवर. त्याच्या जवळपास ओआरटीएफ: दोन माइकमध्ये १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन. फ्रेंच रेडिओवाल्यांनी ठरवलेलं माप आहे आणि १७ सेंटिमीटर म्हणजे जवळपास आपल्या दोन कानांमधलं अंतर. मधे गोल चकती ठेवून दोन बाजूंना माइक लावतात, तेही याच घरातलं. तुमची चर्चमधली चौकडी बहुधा अशाच कशावर तरी घेतलेली असणार.

आता लांब लांब ठेवलेले माइक. डेक्का या रेकॉर्ड कंपनीची पद्धत घ्या, डावा-उजवा माइक साधारण दोन मीटरवर. तिथे वेळेचा फरक पाच-पाच मिलिसेकंदांपर्यंत जातो, डोक्याला झेपणाऱ्या फरकाच्या कितीतरी पुढे. फिल्टरवर सभागृह प्रचंड मोठं वाटेल, पण अमुक व्हायोलिन नेमकं कुठे, हे बोट दाखवून सांगता येणार नाही. मला स्वतःला ऑर्केस्ट्राच्या बाबतीत ते चालतं.

आणि मग आमचं काम, म्हणजे स्टुडिओ मिक्स. प्रत्येक वाद्याला जवळून वेगळा माइक, नंतर पॅनच्या बटणाने डावीकडे-उजवीकडे. पॅन फक्त पातळी बदलतो, वेळ नाही. नेहमीच्या स्पीकरवर गळतीमुळेच तो खरा वाटतो, गळती काढली की उघडा पडतो. आपल्या तबल्याला डग्ग्याला एक आणि दायांला एक असे दोन माइक लावून ते टोकाला पॅन करायची फार सवय आहे, त्याचा परिणाम तुम्ही ऐकलात. दोन तानपुरे दोन टोकांना असले तर मात्र छान वाटतं, त्यांना कुठे बसायचं असतं?

एका कानात येणारा गायक म्हणजे १९६० च्या आसपासचं दोन ट्रॅकवालं स्टिरिओ. बीटल्सच्या सुरुवातीच्या एलपी बघा, आवाज एका चॅनेलवर, वाद्यं दुसऱ्यावर. अशांना फिल्टर बंद. भावगीतांचं म्हणाल तर ती बहुतेक मोनोच आहेत, फिल्टरने बदलायला दोन चॅनेलमध्ये फरकच नाही. मोनोला नंतर कृत्रिम स्टिरिओ केलेलं असेल, खर्ज एका बाजूला नि तार दुसऱ्या बाजूला, तर ते फिल्टरवर आणखी विचित्र लागतं.

हाय-रेझचा इथे काही संबंध नाही. नीट माइक लावलेली साधी सीडी कधीही सरस. फक्त फार कमी बिटरेटच्या फाइल्स टाळा. जागा वाचवताना त्यातले काही प्रकार दोन चॅनेल एकत्र करून बाजूंची माहिती ढोबळ करतात, आणि तुम्हाला नेमकी तीच हवी आहे.

---

नेरुळची_टिटवी

वर उत्तम माहिती. आपल्या संगीतातलं विचारलंत म्हणून: विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचं 'अ मीटिंग बाय द रिव्हर' (१९९३, वॉटर लिली अकूस्टिक्स). सांता बार्बराच्या एका चॅपलमध्ये माइकची एकच स्टिरिओ जोडी लावून घेतलंय, जवळून लावलेल्या माइकचं जंगल नाही. मोहनवीणा, गिटार आणि तबला एकाच हवेत वाजताना ऐकू येतात. याला ग्रॅमीही मिळालं होतं.

दुसरं, निम्बस या ब्रिटिश कंपनीच्या हिंदुस्थानी संगीताच्या जुन्या सीडी. हरिप्रसाद चौरसियांच्या आहेत त्यांच्याकडे. ते लोक अँबिसॉनिक पद्धतीने घ्यायचे, म्हणजे चहूबाजूंचा आवाज एकाच जागी पकडून तो दोन चॅनेलमध्ये यूएचजे नावाच्या रीतीने भरायचा. काहींना या सीडी नेहमीच्या स्पीकरवर दूरच्या वाटतात. तुमच्याकडे तीच दूरची हवा कामी येईल.

---

फेडर_मागचा

@नेरुळची_टिटवी, रेकॉर्ड सुंदर आहे यात वादच नाही, पण एक सावधगिरी. ती ब्लमलाइन जोडी आहे: आठच्या आकाराचे (म्हणजे पुढचं-मागचं सारखंच पकडणारे) दोन माइक एकाच बिंदूवर, ९० अंशांत. ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ च्या पेटंटमध्ये मांडणी केली ती दोन स्पीकरची गळती गृहीत धरूनच. माइक एकाच जागी असल्याने वेळेचा फरक शून्य, फक्त पातळीचा. खालच्या सुरांत स्पीकरची गळतीच त्या पातळीच्या फरकाचं कानापाशी वेळेच्या फरकात रूपांतर करते. गळती मारली की ती करामतही गेली. कागदावर तरी हे रेकॉर्डिंग फिल्टरला फारसं मानवायला नको.

---

नेरुळची_टिटवी

कागदावर मान्य. पण मी ऐकलंय ना! वाद्यांच्या जागा थोड्या रुंद होतात, मात्र चॅपलचा घुमारा पाठीमागेपर्यंत येतो. आठच्या आकाराचे माइक मागचंही तेवढंच पकडतात आणि ते दोन्ही चॅनेलमध्ये वेगवेगळं पडतं. फायदा वाद्यांना नाही, खोलीला होतो.

---

फेडर_मागचा

हे बरोबर. घुमाऱ्याच्या बाबतीत माघार घेतो. त्याच न्यायाने काउबॉय जंकीजचं 'द ट्रिनिटी सेशन' ऐका, १९८७ मध्ये टोरांटोच्या चर्चमध्ये एकाच अँबिसॉनिक माइकवर घेतलेलं. गायिकेचा आवाज तिथे स्पीकरमधून वाजवून माइकने पकडलाय. बँड खोलीत पसरलेला आणि गळा मात्र एका ठिकाणाहून येणारा, हे फिल्टरवर फार स्पष्ट कळतं.

---

कासारवडवलीकर

भरपूर खाद्य मिळालं, आभारी आहे. दोन शंका. क्यूसाउंड लिहिलेले अल्बम, म्हणजे रॉजर वॉटर्सचा १९९२ चा 'अम्यूज्ड टु डेथ' वगैरे, हे माझ्या सेटअपवर सोन्याहून पिवळं व्हायला हवेत का? आणि सासऱ्यांकडे मैफलींच्या कॅसेटी आहेत, बैठकीत दोन माइक लावून स्टिरिओ डेकवर घेतलेल्या. त्या डिजिटल करून घ्याव्यात का?

---

फेडर_मागचा

क्यूसाउंड बनवलंय तेच मुळी साध्या दोन स्पीकरवर आवाज बाहेर फेकण्यासाठी. म्हणजे एक प्रक्रिया आधीच झालेली, तिच्यावर तुमची दुसरी. आधी स्पीकर लांब करून, फिल्टर बंद ठेवून ऐका. त्याच कारणासाठी लॅपटॉपमधली सगळी 'सराउंड', 'एन्हान्समेंट' वगैरे बटणं बंद आहेत ना ते बघा. लॅपटॉपवाले स्वतःच असलं काहीतरी घालून ठेवतात.

---

जुनी_कॅसेट

कॅसेटींबद्दल मी सांगतो, आयुष्य गेलंय त्यात. जरूर करा, बैठकीत दोन माइकवर घेतलेलं सोनं असतं. पण डेकच्या हेडचा अझिमथ (टेपशी असलेला कोन) त्या त्या कॅसेटप्रमाणे जुळवून घ्या. हेड किंचित कललेलं असलं तर डावा आणि उजवा ट्रॅक काही मायक्रोसेकंद पुढेमागे होतात. साध्या स्पीकरवर फार तर वरचे सूर मंद वाटतील. तुमच्या २० अंशांच्या मांडणीत तर सगळा खेळच नव्वदेक मायक्रोसेकंदांचा, तिथे गवई एका बाजूला सरकून बसेल. जुळवायचं कसं: दोन्ही चॅनेल मोनोत एकत्र करून ऐका आणि वरचे सूर सगळ्यात लख्ख येतील तिथे स्क्रू थांबवा. स्क्रूला परत लाखेचा ठिपका लावायला विसरू नका.

---

नेरुळची_टिटवी

आणखी एक सुचवते, फार पैसे न घालता. स्वतःच रेकॉर्ड करा. लेपल माइकमध्ये असतात तसल्या दोन छोट्या कॅप्सूल, कानाच्या भोकाशी बसतील अशा, आणि प्लग-इन पॉवर (माइकला वीज पुरवायची सोय) असलेला छोटा रेकॉर्डर. तुमचंच डोकं डमी हेड, तेही तुमच्याच मापाचं! प्रिन्स्टनचे एडगर शुएरी त्यांच्या 'बॅक' (BACCH) नावाच्या क्रॉसटॉक कॅन्सलेशन फिल्टरसाठी ऐकणाऱ्याच्या कानात माइक ठेवून मापं घेतात, ते याच कारणाने की प्रत्येकाचं डोकं नि कान वेगळे.

मी पावसाळ्याच्या तोंडावर भल्या पहाटे येऊरला पाटोणापाड्याच्या बाजूला उभी राहून केलं होतं. तुम्हाला तर येऊर जवळच. वाऱ्याला स्पंजच्या टोप्या, मान स्थिर आणि शक्यतो श्वासही तोंडाने नको. घरी फिल्टरवर लावलं तर पावश्या अगदी कडेला, जिथे स्पीकर नाहीच अशा जागी ओरडला. दिवाळी पहाटेला तलावपाळीलाही करून बघा, तिथे गर्दीच इतकी की चहूबाजूंनी आवाज येतो. असं एखादं रेकॉर्डिंग जवळ असलं की फिल्टर नीट बसलाय की नाही हे तपासता येतं. तेही उघडलं नाही तर दोष सीडीचा नाही.

---

कासारवडवलीकर

मुलाच्या दोन जुन्या हँड्सफ्रींचे माइक काढून गॅलरीत उभं राहून करून बघितलं. खाली रिक्षा डावीकडून उजवीकडे गेली, ती घरात ऐकताना बायकोने मान वळवून काचेकडे बघितलं. पण उजवी बाजू डावीइतकी बाहेर जात नाही. काच उजवीकडे आहे.

---

फेडर_मागचा

काचच असणार. फिल्टर फक्त स्पीकरमधून सरळ येणाऱ्या आवाजाचा हिशेब करतो, काचेवरून परतणारा त्याच्या हिशेबात नाही. जाड पडदा पूर्ण ओढा, समोर टाइल्सवर सतरंजी टाका आणि स्पीकर भिंतीपासून पुढे घेऊन जवळून ऐका, मीटरभर अंतरावरून. जवळ बसल्यावर स्पीकरही त्या हिशेबाने एकमेकांजवळ आणा, कोन २० अंशच राहू दे. खुर्चीची जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवा, चार बोटं बाजूला सरकलात तरी बिघडतं. इक्वलायझर एपीओत प्रीॲम्प उणे ६ डेसिबलवर ठेवा, फिल्टरला वर जागा लागते, नाहीतर छोटे स्पीकर फाटक्या आवाजात वाजतील.

मधला गायक आता थोडा टोचरा वाटला तर घाबरू नका. नेहमीच्या ६० अंशांत गळतीमुळे मधल्या आवाजाला २ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि आम्ही मिक्स करताना तो कळत-नकळत भरून काढतो. तुमच्याकडे खड्डा तिथे नाही, भर मात्र उरते. दीड-दोन डेसिबल कमी करून बघा.

---

सरळमार्गी

पडदा, सतरंजी, चिकटपट्टी... बाकीचे घरातले कुठे बसतात म्हणे?

---

कासारवडवलीकर

@सरळमार्गी, ते हेडफोन लावतात.

बाकी, पडदा ओढल्यावर उजवी बाजू बरीच सुधारली. कॅसेटींचं काम या आठवड्यात हातात घेतो. निम्बसच्या त्या सीडी ठाणे-नवी मुंबईत कोणाकडे असतील तर व्यनि करा, मी येऊन ऐकून जाईन.