मदत हवी आहे: सभागृहाच्या देणगीमुळे अख्ख्या देवळाची करसवलत जाते का?

नमस्कार मंडळी,

आमच्या देवळाचा नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे आणि मी त्याची विश्वस्त आहे. यंदाच्या मालमत्ता कराच्या बिलात गाभाऱ्यापासून मागच्या सभागृहापर्यंत सगळी इमारत 'बिगरनिवासी' धरून सर्वसाधारण कर (मालमत्ता करातलाच एक हिस्सा) लावलाय. आजवर तो माफ होता. पाणीपट्टी वगैरे आम्ही भरतोच, त्याबद्दल तक्रार नाही.

झालं असं, की पाहणीला आलेल्या निरीक्षकांनी पावतीपुस्तक मागितलं. एका पावतीवर 'देणगी' या छापील शब्दापुढे पेनाने 'बारसे, सभागृह' असं लिहिलेलं होतं. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे भाडंच झालं." त्याच सभागृहात रोज संध्याकाळी मुलांची मोफत अभ्यासिका चालते. तिची हजेरीवही आम्ही दाखवली, पण त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. याचं फार वाईट वाटलं.

आमचं शहर १९४९च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली येतं. त्यातल्या कलम १३२ प्रमाणे केवळ सार्वजनिक पूजेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरात असलेल्या इमारतीला, किंवा तिच्या तेवढ्या भागाला, सर्वसाधारण कर माफ आहे. 'भागाला' हा शब्द माझ्या मते महत्त्वाचा. गाभारा आणि सभामंडप यांत पूजेशिवाय काहीच होत नाही, मग त्यांची सूट का जावी? मुंबईचा १८८८चा कायदा भाड्याबाबत फार कडक आहे. भाडं धर्मकार्याला लावलं तरी तिथे सूट मिळत नाही. पण तो आम्हाला लागू नाही.

तर जाणकारांनी कृपया सांगावं:

सभागृहाची वेगळी आकारणी करून घ्यायला अर्जासोबत काय काय जोडावं लागतं? परिशिष्ट १चा (सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा) उतारा, मंजूर नकाशा आणि लेखापरीक्षित हिशेब तयार आहेत. वापराप्रमाणे भाग दाखवणारा आराखडा वास्तुविशारदाकडूनच हवा का?

ऐच्छिक देणगीला भाडं धरल्याच्या प्रकरणात कुणी सुनावणीत बाजू मांडली आहे का? कुणी काहीच दिलं नाही तरी सभागृह मिळतं, असा न्यासाचा ठराव आहे. तो पुरेसा ठरतो का?

आणि सगळ्यात निकडीचं म्हणजे बिल आत्ता हरकत नोंदवून भरावं का? थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) लागते, आणि पुढे न्यायालयात अपील करायचं तर आधी रक्कम भरावीच लागते. पण भरल्याने आकारणी मान्य केली असा अर्थ तर निघणार नाही ना? मुदत ठेव मोडण्याआधी विश्वस्तांच्या बैठकीत हे मांडायचं आहे.