ट्रॅप कॅमेरा चोरीला गेला, पट्टा तेवढा झाडाला ठेवलाय

बांधावरचा:
नमस्कार मंडळी, आमचं शेत सिन्नर साईडला डोंगराच्या पायथ्याशी, एका बाजूचा बांध संपला की फॉरेस्टची हद्द चालू. दिवाळीनंतर बिबट्याने वासरू नेलं तेव्हापासून दादाला रात्री कांद्याला पाणी भरायला जायचं म्हणजे जिवावर येतं (आणि लाईट नेमकी रात्रीचीच असती), म्हणून मी साडेआठ हजाराचा ट्रॅप कॅमेरा (समोरनं जनावर गेलं की आपोआप फोटो काढतो तो) ऑनलाईन मागवला, म्हणलं निदान कळेल तरी हा येतो कधी न जातो कुठून. ओढ्याकडच्या बाभळीला लावला. तीन आठवडे मस्त चालला, साळिंदर, मुंगूस, शेजारच्यांचं कुत्रं आणि दोनदा बिबट्या, दोन्ही वेळा पहाटे 4 च्या आसपास. रविवारी सेल बदलायला गेलो तर कॅमेरा गायब! पट्टा झाडालाच, बकलपाशी कोयत्याने एका घावात तोडलेला, सालीवर पण खाच पडलीये. नवीन आठ सेल खिशात तसेच घेऊन माघारी आलो. दादा म्हणतो सोडून दे, गावातलाच कोणीतरी निघंल न उगाच वैर होईल. तक्रार करू का नको? आणि दुसरा घेतला तर तो टिकवायचा कसा?

मिसळ_विथ_पापड:
काय भो, बिबट्याने स्वतःच काढून नेला असंल, फोटो चांगले येत नव्हते म्हणून 😂

कोर्टाची_पायरी:
मिसळवाले, त्याचे साडेआठ हजार गेलेत हो. @बांधावरचा, तक्रार करा. कॅमेऱ्याचं बिल काढा आधी, कारण नवीन कायद्यात, म्हणजे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम 303 आहे आणि पाच हजाराच्या आतली चोरी अदखलपात्र धरतात, मग एनसीवर (नुसती अदखलपात्र नोंद) काम भागवतात. तुमचा माल त्याच्या वरचा आहे तर एफआयआर होऊ शकतो, फक्त किंमत कागदावर दाखवता आली पाहिजे. तक्रार ऑनलाईन दिली तर तीन दिवसात जाऊन सही करावी लागते हे लोक विसरतात. आणि एक खरं सांगा, ती बाभूळ तुमच्या गटात आहे का फॉरेस्टच्या? फॉरेस्टच्या जागेत विनापरवानगी कॅमेरा बांधला असेल तर तक्रारीत पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील.

पाणवठा:
माझेपण दोन गेलेत असेच, त्यातनं शिकलो ते सांगतो. तुमचा कॅमेरा 850 वाला (म्हणजे 850 नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड उजेडाचा) असणार, फोटो काढताना समोर बारीक लाल ठिपके चमकतात आणि अंधारात रस्त्याने जाणाऱ्याला लांबून दिसतात. 940 वाला घ्या, त्याचा उजेड माणसाला दिसत नाही, पल्ला थोडा कमी मिळतो पण पायवाटेवर तेवढा लागतोच कुठे. बिबट्यासाठी आपण गुडघ्याच्या उंचीला लावतो तिथेच चोराचा हात पोचतो, तर शिडी घेऊन दहा फुटावर लावा न तोंड खाली करा, फोटो वरून येईल, बिबट्याच्या कुशीवरचे ठिपके तेवढे नीट दिसणार नाहीत. पट्टा नकोच, लोखंडी पेटी आणि जाड केबल लॉक. सिमवाला कॅमेरा असेल तर फोटो लगेच मोबाईलवर येतो, कॅमेरा गेला तरी नेणाऱ्याचं थोबाड हातात राहतं. रेंज आहे का पण तिकडं?

जुनी_वाघर:
सगळं बरोबर पण मला वेगळंच वाटतंय. भुरटा चोर असता तर पाण्याची मोटर नेली असती, केबल नेली असती, ओढ्यातल्या बाभळीवरचा डबा कोण कशाला बघतोय? आमचे आजोबा शिकारीचे शौकीन, 1972 च्या वन्यजीव कायद्याआधीचे, ते सांगायचे की ससा न डुक्कर ओढ्यातनंच वर चढतं, वाघर (शिकारीचं जाळं) तिथंच लावायची. आता वाघरी गेल्या, क्लच वायरचे फासे आले. रात्री फासा बघायला येणाऱ्याला तो लाल ठिपका दिसला असंल न त्याने कॅमेऱ्याचं काम तमाम केलं. कुंपणाच्या भोकापाशी, गवत दबलेलं असतं तिथं गुडघ्याखाली बघा. एकटे जाऊ नका. डुकराच्या फाशात बिबट्या अडकला तर नसती भानगड तुमच्या गळ्यात येईल.

बांधावरचा:
@जुनी_वाघर काका, काय बोलावं. दादाला घेऊन गेलो होतो सकाळी. बाभळीपासून वीसेक पावलांवर, घाणेरीच्या जाळीत जनावराची वाट आहे तिथं तारेचा फास, खुंटीला बांधलेला, तार अजून चकचकीत, एक-दोन दिवसाचीच असंल. हात लावला नाही, फोटो काढले आणि फॉरेस्टच्या 1926 हेल्पलाईनला फोन केला, गार्ड उद्या येतोय. बाभूळ आमच्याच गटात आहे वकीलसाहेब, मोजणीचा दगड तिच्या पलीकडे आहे. बिल मेलमध्ये सापडलं, 8,499. सोडून दे म्हणणारा दादा आता माझ्या आधी पोलीस स्टेशनला निघालाय. आणि ते आठ सेल, चार त्याच्या बॅटरीत टाकलेत, चार राहिलेत.