जिभेचा कॅन्सर: ‘जगण्याचे किती टक्के’ हे पेशंटला सांगावं का?

चादरवाला: मामाच्या जिभेच्या कडेला गाठ, बायोप्सीत कॅन्सर निघाला. माव्याची सवय जुनीच. मेव्हण्यानं मोबाइलवर कसलासा कॅल्क्युलेटर उघडून वय न् गाठीचा आकार टाकला, तर पाच वर्षं जगण्याचे टक्के हजर! घरात सगळे तेच घोकतायत. माझं मत, हे आकडे पेशंटच्या कानावर जाऊच नयेत. धीर सुटला की माणूस जेवण सोडतो, मग ऑपरेशन झेपायचं कसं?

बार्शी_लाइट: साफ चूक. आकडा लपवला की ‘बघू सोलापूरची गड्ड्याची जत्रा झाल्यावर’ सुरू होतं. २०१५ मध्ये टाटा मेमोरियलचा अभ्यास आला, सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरचा. त्यात बहुतेक पेशंट जिभेचेच. मानेत हाताला काही लागत नसतानाही ज्यांच्या तिथल्या लसिकाग्रंथी, म्हणजे मानेतल्या बारीक गाठी, पहिल्याच ऑपरेशनात काढल्या, त्यांच्यात तीन वर्षांनी ८० टक्के हयात. ज्यांच्या वाट बघून नंतर काढायच्या ठरवल्या, त्यांच्यात ६७.५. हे माहीत नसेल तर मामा म्हणणारच, जीभ दुखतीय, मान कशाला कापता?

चादरवाला: ते उपचार ठरवायचे आकडे, डॉक्टरकडं राहू देत. मी मामाच्या आयुष्याबद्दल बोलतोय.

स्लाइडवाला: लॅबमध्ये काम करतो म्हणून सांगतो, ऑपरेशनआधीच भांडताय तुम्ही. खरा अंदाज कापून आलेल्या तुकड्याच्या रिपोर्टवर बांधतात. गाठ केवढी, तशीच किती खोल हेही बघतात. स्टेजिंगच्या, म्हणजे कॅन्सरचा टप्पा ठरवायच्या नियमांच्या, आठव्या आवृत्तीत दोन सेंटिमीटरच्या आतली गाठही पाच मिलिमीटरपेक्षा खोल गेली की टी-१ ची टी-२, म्हणजे एक पायरी वरची, होते. मग कापलेल्या तुकड्याच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या आहेत का, मज्जातंतूभोवती कॅन्सरच्या पेशी पसरल्यात का, मानेच्या गाठींत कॅन्सर उतरलाय का. त्या गाठींचं आवरण फोडून बाहेर आला असेल तर अंदाज बराच खाली येतो. मेव्हण्याच्या कॅल्क्युलेटरनं यातलं काय विचारलं? शिवाय जिभेचं मूळ आणि पुढची जीभ यांचं गणित वेगळं. परदेशात मुळाचे कॅन्सर पुष्कळदा एचपीव्ही विषाणूमुळं होतात, ते उपचाराला बरा प्रतिसाद देतात. तो आकडा माव्यावाल्याला लावू नका.

विडी_घरकुल: टक्के टक्के काय लावलंय? माझ्या आत्यानं डॉक्टरला एवढंच विचारलं, बोलता येईल का, भाकरी गिळता येईल का, विड्या वळायला कधी बसू? जीभ किती काढणार, रेडिएशन लागणार का, यावर त्याचाही अंदाज बांधता येतो. पण नातेवाईक ते विचारतच नाहीत, सगळे ‘वाचतील ना?’वर अडलेले.

बार्शी_लाइट: हे पटलं. पण म्हणून आकडाच नको, हे नाही पटत. परदेशी नको तर आपले घ्या. बार्शीला १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंदणी चालू आहे. आणि काही गोष्टी आपल्या हातात असतात. रेडिएशन लागणार असेल तर ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवं. रेडिएशनच्या आधीच दात दाखवून घ्या. उपचाराच्या सरकारी योजनेची कागदपत्रं आत्ताच जमवा, त्यात दिवस जातात.

चादरवाला: कागदपत्रांचं बघतो. टक्क्यांचं मात्र रिपोर्ट आल्यावरसुद्धा मी स्वतःहून काढणार नाही.

विडी_घरकुल: मामांना विचारलंय का, त्यांना काय ऐकायचंय?

चादरवाला: नाही. मामी म्हणते, तू विचारू नको.

विडी_घरकुल: मग मामींना विचारा, त्यांनी तरी विचारलंय का.